वरून शाबूत केबल

१

दार उघडलं आणि आतून अशी झळ आली की आक्का दोन पावलं मागेच सरल्या. उबवणी यंत्राची हवा कशी असते ते त्यांच्या अंगाला पाठ होतं. ती ओली आणि कोमट असते, तान्ह्या पोराच्या मानेजवळ नाक नेल्यासारखी. ही झळ भट्टीची होती.

"पंखा बंद आहे," मुकादम म्हणाले.

आक्कांनी वळून भिंतीवरच्या स्क्रीनकडे पाहिलं. आकडा बरोबर होता. अगदी जितका असायला हवा तितकाच, हिरव्या अक्षरांत, निवांत. त्यांनी पुन्हा यंत्रात हात घातला, पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. हात भाजत होता आणि स्क्रीन सांगत होती, सगळं ठीक आहे.

त्यांनी वरच्या ट्रेमधलं एक अंडं उचललं आणि दिव्यासमोर धरलं. काहीच हललं नाही. दुसरं धरलं. तिसरं खालच्या ट्रेमधलं, चौथं मागच्या कोपऱ्यातलं. ही सगळी अंडी दोन दिवसांत पिल्लांच्या पेटीत जायची होती. या वयाचं अंडं दिव्यासमोर धरलं की आतला जीव चुळबुळ करतो, पाय झाडतो. इथे नुसता काळोख होता.

"सगळी?" दारात उभ्या असलेल्या चिमीनं विचारलं. चिमी म्हणजे आक्कांची लेक. उबवणी केंद्राचं ऑफिस तीच बघायची.

आक्कांनी हातातलं अंडं परत जागेवर ठेवलं, हळूच, जणू अजून फुटायची भीती होती.

मुकादमांनी तोवर टेस्टर आणला. यंत्रातल्या सेन्सरपासून भिंतीपर्यंत जाणारी केबल त्यांनी तपासली, दोन्ही टोकं पुसून पुन्हा तपासली, आणि ते मान हलवू लागले.

"आक्का, केबल मेलीय. आतून तुटलीय."

"कुणी कापली?"

"तेच तर. कापलेली नाही. हे बघा, वर ओरखडासुद्धा नाही."

आक्कांनी केबल बोटांमधून ओढत नेली. करडं प्लास्टिक या टोकापासून त्या टोकापर्यंत गुळगुळीत, अखंड. वरून शाबूत आणि आतून तुटलेली. हे येऱ्यागबाळ्याचं काम नव्हे. ज्यानं ही सगळी केबल टाकली, ज्याला तिची नस न् नस ठाऊक, असा एकच माणूस होता. आणि तो गेल्याच आठवड्यात म्हणाला होता की नदीपलीकडच्या मोठ्या उबवणी केंद्रात नोकरी धरतोय.

"जावईबापूंना आत येऊ देऊ नका," आक्का म्हणाल्या. "आणि विमा कंपनीला फोन लावा. सांगा, घातपात झालाय."

चिमीच्या हातातला चाव्यांचा जुडगा खाली पडला.

२

विमा कंपनीनं पाहणीसाठी एक मॅडम पाठवल्या. बुटक्या, गोलसर, आणि पिसांची भयंकर ॲलर्जी असलेल्या. फाटकातून आत येईपर्यंत त्या चारदा शिंकल्या.

"तुम्हाला हेच केंद्र मिळालं का हो नेमकं?" मुकादमांनी विचारलं.

"साहेबांचा माझ्यावर फार जीव आहे," मॅडम नाक पुसत म्हणाल्या. "मागच्या खेपेला मिरचीच्या गोदामात पाठवलं होतं."

त्यांची एक खोड होती. त्या प्रत्येक प्रश्न दोनदा विचारायच्या. मधे दुसरंच काही बोलायच्या आणि मग तोच प्रश्न पुन्हा. आक्कांना पहिल्या दहा मिनिटांतच राग आला.

"ऐकू कमी येतं का तुम्हाला?"

"चांगलं येतं. पहिल्यांदा माणूस ठरवलेलं उत्तर देतो. दुसऱ्यांदा वैतागून देतो. मला वैतागलेलं बरं पडतं."

मॅडमनी यंत्र पाहिलं, पंखा पाहिला. पंख्याची मोटर जळाली होती. मोटर जुनी होती आणि तशी ती कधी ना कधी जाणारच होती, त्यात कुणाचा हात दिसत नव्हता. प्रश्न पुढचा होता. पंखा थांबला आणि आत उष्णता चढत गेली तर स्क्रीनवर आकडा चढायला हवा होता, भोंगा वाजायला हवा होता. त्यासाठीच तर जावयानं वर्षापूर्वी हे सगळं बसवलं होतं. लोखंडी पेटीतून वायफाय नीट बाहेर येत नाही म्हणून त्यानं केबल टाकली होती.

"केबल तुटली की स्क्रीन शेवटचा आकडाच दाखवत राहते," चिमी म्हणाली. "पण लाईन गेल्याचा भोंगा वाजतो."

"मग वाजला नाही?"

चिमीनं मुकादमांकडे पाहिलं. मुकादम आपल्या हत्यारांच्या पेटीचं झाकण बांधण्यात गुंतले होते. पेटीची कडी कधीच तुटली होती. एका मऊ निळ्या वायरीचे दोन वेढे देऊन ते झाकण आवळत होते.

"ते नंतर बोलू," मॅडम म्हणाल्या.

एवढ्यात केबलचा दुकानदार धापा टाकत आला. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती.

"आक्का, शपथेवर सांगतो, माल अस्सल आहे! तुम्ही स्वतः निवडलात. मी तीन प्रकार दाखवले, तुम्ही सगळ्यात जाड, सगळ्यात कडक तेच खोकं उचललंत. म्हणालात, सगळीकडे हीच."

"मी कुठे नाही म्हणतेय? पैसे मोजून चांगलाच माल घेतला मी."

मॅडमनी तुटलेल्या केबलचा एक तुकडा कापून घेतला, आतली एक तार ओढली आणि पात्यानं खरवडू लागल्या. दुकानदाराचे डोळे पात्यावर खिळले. नकली केबलमध्ये ॲल्युमिनिअमच्या तारेवर तांब्याचा पातळ मुलामा असतो. खरवडलं की आतून पांढरी निघते आणि जराशा धक्क्यानं तुटते.

मॅडम खरवडत राहिल्या. तार आतपर्यंत लाल होती.

"अस्सल आहे. उत्तम केबल आहे ही," त्या म्हणाल्या. दुकानदार मटकन स्टुलावर बसला. "तेच तर विचित्र आहे. उत्तम केबल, वरून धक्का नाही, आणि आतून तुटलेली."

"मग राहिलं कोण?" आक्का म्हणाल्या. "लिहा नाव."

"आई," चिमी म्हणाली. तिचा आवाज थरथरत नव्हता आणि त्यामुळेच आक्का चपापल्या. "त्या कागदावर त्यांचं नाव गेलं की पोलीस आमच्या दारात येतील. त्या दिवसापासून तुला लेक नाही असं समज."

३

जावयाला ऑफिसात बोलावलं. उंच, जरासा पोक काढून चालणारा माणूस. सासूच्या दारात येताना चपला नीट जोडीनं ठेवायची त्याची सवय होती. आजही त्यानं तशाच ठेवल्या. आक्कांनी तोंड फिरवलं.

"या, जावईबापू. बघायला आलात का, किती मेली ते?"

"आक्का, मी कशाला करेन असं?"

"नदीपलीकडच्याला माझं गिऱ्हाईक हवंय आणि तुम्हाला त्याची नोकरी. कशाला ते तुम्हीच सांगा. घरी बसून कॉम्प्युटरवर काय काय करता येतं तुम्हाला."

"कॉम्प्युटरवरून केबल तुटत नाही, आक्का."

"बघा! उलट उत्तर."

मॅडमनी हात वर केला. "यंत्रातली केबल तुम्हीच लावली होती?"

"हो. भिंतीतली, छतावरची, यंत्रातली. सगळी मीच."

"महिनाभरात यंत्राजवळ गेला होतात?"

"नाही. नोकरीचं बोललो तेव्हापासून आक्का बोलत नाहीत माझ्याशी. त्याच्याआधीही बरेच दिवस दुसऱ्या कामावर होतो." मग तो जरासा हसला. "फाटकाबाहेरून चिमीला सोडतो न् जातो. शाळेच्या रिक्षावाल्यासारखा."

मॅडमनी केबलचा तुकडा त्याच्यासमोर टेबलावर ठेवला. "हीच ना ती?"

जावयानं तुकडा हातात घेतला. टोकातून बाहेर आलेल्या तारा पाहिल्या. एका तारेवरून अंगठा फिरवला. आक्का त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होत्या, आणि त्यांना दिसलं की चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्यानं मान वर केली, आक्कांकडे पाहिलं, लगेच नजर खाली वळवली.

"हीच ना?" मॅडमनी पुन्हा विचारलं.

"केबल काय," तो हळूच म्हणाला, "केबल केबलसारखीच असते."

"बघितलंत?" आक्का उठून उभ्या राहिल्या. "चोराच्या तोंडाला कुलूप लागलं!"

मॅडम मात्र जावयाकडे बघत होत्या. त्यांना आलेली शिंक मधेच थांबली होती.

४

चिमीला मॅडमनी यंत्राच्या खोलीतच गाठलं. आक्का हट्टानं तिथेच उभ्या राहिल्या. आपल्या पाठीमागे लेक काय सांगेल याची त्यांना धास्ती होती.

"भोंगा का वाजला नाही?"

चिमीनं ओठ चावला. "मुकादमकाकांनी बंद केला होता. त्यांचा दोष नाही. गेले काही दिवस तो सारखा वाजायचा. एक तास लाईन ठीक, पुढचा तास गायब. परत ठीक, परत गायब. दर तासाआड."

"रोज?"

"रोज. सकाळी, दुपारी, कधीही."

"सगळे जेवायला बसलात तेव्हा?"

"तेव्हाही. एकदा तर आई, काका, मी, सगळे मागच्या पडवीत जेवत होतो. हे मला न्यायला आलेले, बाहेर गाडीत थांबले होते. तरी वाजलाच."

म्हणजे सगळे डोळ्यांसमोर असताना कुणीतरी आत होतं? तासातासाला येऊन केबल तोडत आणि जोडत होतं?

मुकादमांना बोलावलं. ते आक्कांच्या नवऱ्याच्या वेळेपासूनचे माणूस. आक्कांना ते वहिनी म्हणत नसत, बहिणीसारखं आक्काच म्हणत.

"भोंगा बंद केलात?"

"केला. डोकं उठलं होतं, मॅडम. तासाभरानं लाईन आपोआप परत यायची. म्हटलं, यंत्राला उचकी लागलीय."

"यंत्रातली केबल तुम्ही बदललीत?"

"नाही."

"तुमच्या गावाकडे कोण असतं?"

"कुणी नाही. हेच गाव न् हेच घर."

"केबल बदललीत?"

"नाही म्हटलं ना एकदा!" मुकादम इतक्या जोरात बोलले की आक्का दचकल्या. इतक्या वर्षांत त्यांचा चढलेला आवाज आक्कांनी ऐकला नव्हता.

मॅडमनी एक स्टूल ओढलं आणि शेजारच्या दुसऱ्या यंत्राच्या काचेसमोर ठाण मांडून बसल्या. त्या यंत्रात अंड्यांची दुसरी खेप होती, जिवंत. आत अंड्यांच्या ट्रेंची मोठी लोखंडी चौकट डावीकडे कललेली दिसत होती.

"काय बघताय?" आक्कांनी विचारलं.

"दर तासाला येणाऱ्याची वाट बघतेय."

आक्कांनी दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. कुणीच नव्हतं. खोलीत फक्त पंख्याची घरघर चालू होती. बराच वेळ गेला. मग यंत्राच्या पोटात खट्ट आवाज झाला, मोटर कण्हली, आणि ती अवजड चौकट सावकाश डावीकडून उजवीकडे कलू लागली. अंडी एका कुशीवर पडून राहिली तर आतला जीव कवचाला चिकटतो, म्हणून यंत्र त्यांची कूस बदलतं. उबवणीवाल्यांना हे इतकं रोजचं की त्याकडे कुणी मान वळवून बघतही नाही.

मॅडम एकदम उठल्या.

"आधी या यंत्रात साधा थर्मामीटर लावा. आत्ताच्या आत्ता. या स्क्रीनवर विसंबू नका. तो आलाय इथे. ह्याही यंत्रात आहे तो!"

५

चिमीनं पळत जाऊन काचेचा थर्मामीटर आत लावला. पारा योग्य जागी थांबला. ही खेप वाचली होती.

मॅडमनी सगळ्यांना तिथेच, दोन यंत्रांच्या मधे उभं केलं. जावयालाही.

"सेन्सर कुठे बसवलाय? चौकटीवर. चौकट कलली की केबल वाकते, परत आली की सरळ होते. रोज, दर तासाला. जेवायला थांबत नाही, झोपत नाही. तुमचा घातपाती हाच."

"चौकट तर वर्षभर हलतेय," आक्का म्हणाल्या. "मग आत्ताच कशी तुटली?"

"कारण आत्ता केबल वेगळी आहे." मॅडमनी तुकडा वर धरला. "हिच्यात प्रत्येक रंगाखाली एकच सलग तार आहे. भिंतीत, छतात, जिथे एकदा टाकली की हलायची नाही, तिथे हिच्याइतकी भरवशाची दुसरी नाही. पण एकच तार पुन्हा पुन्हा वाकवली की काय होतं? डब्याचं झाकण पुढेमागे केलं की तुटतं, तसं. वरचं प्लास्टिक लवचीक, ते शाबूत राहतं. तार आत तुटते. आधी अर्धवट. चौकट एका बाजूला कलली की तुटकी टोकं एकमेकांना टेकतात, दुसऱ्या बाजूला कलली की सुटतात. म्हणून तासाआड लाईन. आणि शेवटी पुरती तुटली, भोंगा बंद होता, आकडा जागेवर गोठला. नेमका त्यानंतर पंखा गेला."

मॅडमनी नाक पुसलं.

"हलत्या जागी मऊ केबल लागते. तिच्यात प्रत्येक रंगाखाली केसासारख्या पुष्कळ बारीक तारा असतात. तशी इथे आधी होती. निळी." मॅडम मुकादमांकडे वळल्या. "तुम्ही काही फेकून देत नाही, हो ना? तुमच्या पेटीचं झाकण कशानं बांधलंय?"

मुकादमांनी पेटी मागे सरकवली. मग तीच पुढे घेतली. निळ्या वायरीच्या तुटक्या टोकातून तांब्याचे बारीक केस बाहेर आले होते.

"आणि जावईबापू," मॅडम म्हणाल्या, "आयुष्यभर केबल ओढणारा माणूस 'केबल केबलसारखीच असते' म्हणतो? हलवाई म्हणाला असता का, की साखर मिठासारखीच असते? हातात घेताक्षणी तुम्हाला कळलं की ही तुमची नव्हे. तरी बोलला नाहीत. कुणाला पाठीशी घालत होतात?"

"मला," मुकादम म्हणाले. "मी बदलली. दोन्ही यंत्रांत. माझ्या मनानंच. ती निळी अगदीच लेचीपेची वाटली, खोक्यात चांगली जाड उरली होती, घातली. कुणी सांगितलं नव्हतं मला. लिहून घ्या."

"तुमच्या मनानं?"

"हो."

"कुणी सांगितलं नव्हतं?"

"नाही म्हणतो ना. माझ्याच मनानं."

मॅडमनी थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं आणि वही मिटली. "कामगाराची चूक. विम्यात बसते ती. नुकसान मिळेल. मालकानं जाणून केलं असतं तर दमडी मिळाली नसती." त्या शिंकल्या आणि बाहेर निघाल्या.

आक्का जागच्या जागी उभ्या होत्या. जावयावरचा आळ गेला होता, विमा मिळणार होता, केंद्र वाचणार होतं. पण त्यांना त्यांचाच आवाज ऐकू यायला लागला होता. दोनेक महिन्यांपूर्वीची गोष्ट. घाईत त्या याच खोलीतून चालल्या होत्या. यंत्राच्या काचेतून ती निळी, मऊ, लोंबती वायर दिसली आणि त्या जाता जाता बोलल्या होत्या, 'मुकादम, हा नाडा काढा इथला. सगळीकडे जाडच घाला.'

आणि एवढंच नव्हतं. त्याच्याही आधी, वर्षापूर्वी, जावई हीच वायर लावत असताना त्यांनी नाक मुरडलं होतं. तेव्हा तो म्हणाला होता, 'आक्का, दिसायला कशीही असू दे, पण या चौकटीवर मऊच हवी. जाड घातली तर तुटेल.' त्या हसल्या होत्या. चिमी शेजारी उभी होती. तिनं ऐकलं होतं.

आक्कांनी चिमीकडे पाहिलं. चिमी त्यांच्याकडेच बघत होती.

६

"जावईबापू," आक्का त्याच्याकडे वळल्या. "तुम्हाला माहीत होतं?"

"मुकादमकाका म्हणतात तर तसंच असेल," जावई म्हणाला.

"मी तुम्हाला चोर म्हटलं."

"म्हटलंत."

"पोलिसांत देणार होते."

"हो." त्यानं मान वर केली. "हातात तुकडा घेतला तेव्हा वाटलं, सांगावं. मग म्हटलं, मी तर जाणारच आहे नदीपलीकडे. केंद्र बुडालं तर चिमीचं माहेर बुडेल. मुकादमकाकांचं तर घरच हे. विचार करून सांगू म्हटलं. अजून विचारच चाललाय."

"आक्का," मुकादम घाईनं पुढे आले, "झालं ना आता? मॅडम गेल्या. माझं काय, मला कामावरून काढलं असं दाखवा कागदावर. मी मागच्या खोलीत पडून राहीन. पिल्लांचं बघत राहीन. कोण विचारतंय?"

आक्कांनी या दोन माणसांकडे आळीपाळीनं पाहिलं. एकाला त्यांनी चोर ठरवलं होतं. दुसरा त्यांच्यासाठी खोटा होऊन म्हातारपणी कामावरून निघायला तयार होता. दोघांकडेही त्यांनी काही मागितलं नव्हतं. त्यांना बसावंसं वाटलं, पण बसल्या तर उठता येणार नाही हे त्यांना कळत होतं.

त्या पदर खोचून धावत सुटल्या. अंगणात मॅडम गाडीचं दार उघडत होत्या.

"थांबा! ते लिहिलंय ते खोडा."

"काय झालं?"

"मी सांगितलं होतं. केबल बदलायला मीच सांगितलं. जावयानं मला आधी बजावलं होतं की तिथे जाड घालू नका. मी ऐकलं नाही."

मॅडमनी नाकाला लावलेला रुमाल खाली घेतला. "आक्का, हे लिहिलं तर तुम्हाला काही मिळणार नाही."

"कळतंय मला."

"आधी बजावलं असूनही तुम्ही स्वतः बदल करायला सांगितलात?"

"हो. आणि आता दुसऱ्यांदा विचारू नका. दुसऱ्यांदा मी कदाचित नाही म्हणेन."

मॅडमनी वही उघडली. उभ्या उभ्याच, गाडीच्या टपावर ठेवून लिहिलं. लिहून झाल्यावर मॅडमनी वही त्यांच्यापुढे धरली आणि आक्कांनी सही केली.

परत येताना त्यांना अंगण फार लांब वाटलं. पुढच्या खेपेची अंडी कुठून आणायची, मोटर कशी बदलायची, मुकादमांना काय तोंड दाखवायचं, कशाचाच पत्ता नव्हता. खोलीच्या दाराशी मुकादम डोकं धरून बसले होते. त्यांनी न् चिमीनं खिडकीतून सगळं ऐकलं होतं.

"आक्का, काय केलंत हे?"

"उद्या भोंगा चालू करा," आक्का म्हणाल्या. "आणि ते मागच्या खोलीत पडून राहायचं पुन्हा बोलू नका."

दुसऱ्या यंत्राचं दार अर्धवट उघडं होतं. चिमी थर्मामीटरवर डोळा ठेवून उभी होती आणि जावई गुडघ्यांवर बसून, खांद्यापर्यंत आत शिरून, जाड करडी केबल सोडवत होता. शेजारी त्याच्या पिशवीतून मऊ केबलचं नवं वेटोळं बाहेर आलं होतं. आक्का त्याच्यामागे येऊन उभ्या राहिल्या. माफीचा शब्द ओठांवर येऊन पुन्हा मागे जात होता.

"चिमी म्हणाली, तुम्ही मॅडमना सांगितलंत," तो आतूनच म्हणाला.

"हो."

आत पक्कड दोनदा खटखटली. मग त्यानं हात मागे केला. हातात केबलचं टोक होतं.

"आक्का, हे धरा जरा. ओढू नका, सैल सोडा. चौकट फिरली पाहिजे."

आक्का त्याच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि त्यांनी ते टोक दोन्ही हातांनी धरलं.